एकतीसच्या वर

पिंपळगाव रेणुकाई, शेतावरून
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. राजानंद,
जयभीम.

रेशीमअळ्यांचे नऊशे अंडीपुंज ३ मार्चला येणार, हे रामकिसनभाऊंनी काल स्वतः येऊन सांगितलं. रेशीम कार्यालयाचे तांत्रिक सहायक असले तरी तारीख ते सहसा ठाम देत नाहीत. या वेळी दिली. म्हणजे माझ्या हातात पंधरा दिवस आहेत आणि तुझ्या हातात त्याहून कमी.

काम सांगते. मध्येच थांबवू नकोस म्हणूनच फोन न करता लिहिते आहे. शिवाय शेडमध्ये रेंज नाही, हे तुला माहीत आहे.

दिवाळीच्या बॅचला वाडीच्या कडूबाकडे कोष कमी निघाले. माझ्याकडून बाळअळ्या नेणारे नऊ शेतकरी आहेत, त्यांच्या बैठकीत तो म्हणाला, "ताई, अळ्या आठ-नऊ दिवस तुमच्या शेडात ऱ्हात्यात. तितं गरमी किती व्हती, आमाला काय ठावं?" मी म्हटलं, तीन वर्षांच्या वह्या आहेत, बघा. तर तो शांतपणे म्हणतो, "वही काय, कुणीबी भरतंय."

राजा, मला इतका राग आला की मी चहा न देताच उठले. पण बाकीचे आठ जण गप्प बसले, ते जास्त लागलं. आता त्यांना कॉम्प्युटरचा कागद हवा आहे. नसेल तर ते पुढची बॅच दुसरीकडून आणतील. मग ही शेड कशाला?

लेकीचा, साक्षीचा, जुना लॅपटॉप इथेच आहे. त्यावर इंटरनेटशिवाय चालेल असं साधं काहीतरी कर. तारीख, वेळ, तापमान, ओलावा लिहायचा आणि शेवटी आलेख काढून छापायचा. तू जालन्याला पोरांना हेच शिकवतोस ना? वह्या सोबत पाठवते. राधेश्यामची पिकअप सोमवार-गुरुवार जालन्याला असते, स्टेशनजवळच्या चहावाल्याकडे पाकीट ठेवेल.

तुझी
अक्का


बदनापूर
सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,
जयभीम.

पेन ड्राइव्ह पाठवतोय. त्यात एकच फाइल आहे, तिच्यावर दोनदा टिचकी मार. खिडकी उघडेल. चार चौकोन आहेत, खाली दोन बटणं आहेत: 'जतन करा' आणि 'आलेख'. बाकी काही नाही. पोरांना शिकवताना मी यापेक्षा दहापट अवघड करून दाखवतो, पण तुझ्यासाठी साधंच बरं.

तुझ्या वह्यांचा फार उपयोग झाला. तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी मी शनिवार-रविवार बसून भरल्या आणि आलेख नीट येतो का ते पाहिलं. एकही खाडाखोड नाही, एकही दिवस सुटलेला नाही. आमच्या कार्यालयात असं रजिस्टर दाखवलं तर कोणाला खरं वाटायचं नाही.

त्यावरून एक सोय केली आहे. वहीत सगळ्यात कमी तापमान साडेचोवीस आहे आणि सगळ्यात जास्त एकोणतीस. म्हणून थोडी जागा सोडून बावीस ते एकतीस एवढेच आकडे चालतील असं केलं. त्याबाहेरचं काही टाकलं की चौकोन लाल होतो आणि 'नोंद चुकीची आहे, तपासा' असं येतं. गडबडीत सत्तावीसच्या जागी बहात्तर लिहिलं जातं, तसं होऊ नये.

कडूबाला आता आलेखच दाखव.

राजानंद


पिंपळगाव रेणुकाई
गुरुवार, ६ मार्च

चि. राजा,

चालतंय. अंडी निळी पडली आहेत, उद्या सकाळी अळ्या बाहेर येतील. तुतीची कोवळी पानं चिरायला दोन बायका सांगितल्या आहेत. माझं एका जागी बूड टेकत नाही.

तुझ्या दाजींना शिकवलं. चष्मा लावून, एक बोट ताठ करून टाइप करतात, कुणाला धमकी दिल्यासारखं. मी मुद्दाम बहात्तर टाकून दाखवलं. लाल झालं. अर्धा मिनिट बघत बसले आणि म्हणाले, "आयला, ह्याला कळतंय की." तेव्हापासून लॅपटॉपवर धूळ बसू देत नाहीत.

शिकवायचं कारण असं की ११ ते १३ मी इथे नाही. चॉकीवाल्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, रामकिसनभाऊंनी नाव घातलंय, टाळता येत नाही. चॉकी म्हणजे आम्ही करतो तेच, अळ्यांची पहिल्या दोन कातींपर्यंतची देखभाल. विषय काय, तर बालकीटकांसाठी तापमान. हसू नकोस.

मी नसताना नेमकी दुसरी कात असेल. कुलर आहे म्हणून काळजी कमी. दाजींना एवढंच सांगितलंय: आकडा एकतीसच्या वर गेला तर खिडक्यांना ओली गोणपाटं लावायची आणि मला फोन करायचा. उगाच आधीच ओलं केलं तर बुरशी येते.

अक्षरं मोठी कर. दाजी कबूल करत नाहीत, पण त्यांना दिसत नाही.

अक्का


बदनापूर
सोमवार, १० मार्च

अक्का,

घाईत लिहितोय, राधेश्यामची पिकअप निघायच्या आत जालन्याला पोचायचंय. अक्षरं दुप्पट केली. जुनी फाइल काढून ही टाक, नोंदी तशाच राहतील.

खालचं दाजींना वाचून दाखव:

दाजी, जयभीम. घाबरायचं काही नाही. लाल आलं की समजायचं आकडा चुकला. परत बघा, परत टाका. मशीन 'जतन झाले' म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

राजानंद


पिंपळगाव रेणुकाई
सोमवार, १७ मार्च

चि. राजा,

शनिवारी अळ्या वाटल्या. नऊही जण घेऊन गेले. कडूबा सगळ्यात आधी आला, ट्रेवर वाकून वाकून बघत होता. मी आलेखाचा कागद हातात दिला. त्याने घडी करून टोपीत ठेवला.

तू ऐकलं असशील, मी प्रशिक्षणाला गेले आणि इकडे ११ तारखेलाच शेतातला विजेचा डीपी जळाला. तीन दिवस कुलर बंद. दाजी लॅपटॉप गावातल्या घरी चार्ज करून आणत होते. मी रोज फोन करायचे. ते म्हणायचे, "एकतीस हाय. वर न्हाई. बराबर चाललंय." बाहेर सदतीस होतं म्हणे. शेडच्या भिंती जाड बांधल्या, त्याचा फायदा झाला.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. कातीतून उठलेल्या अळ्या एकसारख्या नव्हत्या. काही जाड, काही दोऱ्यासारख्या. पण आलेख चांगला आहे, तर माझ्याच डोळ्यांचा दोष असेल.

नोंदींची फाइल पेन ड्राइव्हवर घालून पाठवते आहे, तुझ्याकडे एक प्रत असू दे.

अक्का


पिंपळगाव रेणुकाई
सोमवार, ३१ मार्च

चि. राजानंद,

कडूबाच्या शंभर अंडीपुंजांतलं काही उरलं नाही. चौथ्या कातीला अळ्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. रामकिसनभाऊ शुक्रवारी जाऊन बघून आले. त्यांचं म्हणणं, बाळपणी उष्णता लागली की असं होतं, पण नंतरच्या उष्णतेनेही होऊ शकतं. नक्की सांगता येत नाही.

काल बैठक झाली, माझ्याच ओट्यावर. कडूबा उभाच होता. म्हणाला, "ताई, तीन दिस डीपी जळाल्ता. मी तवाच इचारणार व्हतो."

मी आलेख सगळ्यांपुढे ठेवला. म्हटलं, बघा, एकतीसच्या वर पारा गेलेला नाही. हे मी लिहिलेलं नाही, मशीनने काढलंय. तुमच्या शेडवर पत्रा आहे, कडूबा. दुपारी आत उभं राहवत नाही. तुमची गरमी माझ्या माथी का मारता?

कागद नऊ जणांच्या हातांतून फिरला. बाकीच्यांकडेही थोडीफार मर आहे, पण त्यांच्या शेडवर पाचटाचं छप्पर आहे, निभावलं. सगळे कडूबाकडे बघायला लागले. त्याने टोपीतून स्वतःचा कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवून बघितले. म्हणाला, "कागद सारखेच हायत. मंग माझंच चुकलं." आणि गेला.

आज कळलं, तो दोन एकर तुती उपटणार आहे. सोमवार, १४ एप्रिलचा ट्रॅक्टर सांगितलाय. बायको केशरबाई रडत होती म्हणे. चार वर्षांची झाडं आहेत, राजा. मी जिंकले, हे सगळे येऊन सांगतायत. मला जेवण जात नाही.

तू एकदा त्या फाइलमध्ये बघ. का ते विचारू नकोस, बघ.

अक्का


बदनापूर
गुरुवार, ३ एप्रिल

प्रिय अक्का,

फाइल पाहिली. नोंदी नीट जतन झाल्या आहेत, काही हरवलेलं नाही.

सोबत नवी आवृत्ती आहे. किरकोळ दुरुस्त्या केल्यात. छपाईत डावीकडची बाजू कापली जात होती, ती आता येईल. जुनी काढून हीच वापर.

एक विचारायचं होतं, थर्मामीटर नेमका कुठे टांगलेला असतो? कधी जागा बदलली होती का?

परीक्षा सुरू आहेत. सविस्तर नंतर लिहितो. जेवत जा.

राजानंद


पिंपळगाव रेणुकाई
सोमवार, ७ एप्रिल

राजानंद,

डावी बाजू नीट छापली जाते. अभिनंदन.

आता ऐक. शेड रिकामी आहे, तरी दाजींनी सवयीने शनिवारी दुपारची नोंद टाकली. मी तुतीला पाणी देत होते. तिथे पळत आले, लॅपटॉप छातीशी धरून. "अगं, घेतलं की! साडेछत्तीस घेतलं! आज लाल झालंच न्हाई!"

मी म्हटलं, लाल कशाला होईल?

"मंग तवा कसं झाल्तं?"

मी पाण्याचा पाइप तसाच टाकला आणि त्यांना बांधावर बसवलं. मग एकेक निघत गेलं. मी परत विचारू नये म्हणून ते जसं बोलले तसं लिहिते:

"अकरा तारखेला तीन वाजता मीटरवर साडेपस्तीस व्हतं. टाकलं, लाल. परत टाकलं, लाल. राजाभाऊनं लिहिल्तं ना, लाल म्हंजे आकडा चुकला, जतन हुईस्तोवर सोडायचं न्हाई. मंग एकेक कमी करत आलो. एकतीसला हो म्हणलं. मी म्हणलं, मशीनला म्हाईत हाय, मीटरच बिघडलं आसंन. तू म्हणल्ती एकतीसच्या वर गेलं तर गोणपाट. वर तर गेलंच न्हाई."

मी विचारलं, आणि आलेखात तेरा तारखेला अठ्ठावीस कसं आलं?

"मीटर बिघडल्तं म्हणून माठाच्या तिवईपाशी टांगलं. तितं बराबर दाखवून राह्यलं. मशीन पयल्या झटक्यात हो म्हणलं. मला लई बरं वाटलं."

राजा, ते हे अभिमानाने सांगत होते. बोलता बोलता माझ्या तोंडाकडे बघायला लागले, आणि मग त्यांचं तोंड पडलं. तेव्हापासून लॅपटॉपला हात लावत नाहीत. काल शेडच्या दारात बसून राहिले, आत आले नाहीत.

त्यांच्यावर रागवायचं की तुझ्यावर? तू लाल चौकोन गुपचूप काढून टाकलास. डावी बाजू कापली जाते म्हणे! तुला ३ तारखेलाच कळलं होतं. आणि मी भर बैठकीत कडूबाला पत्र्याच्या शेडवरून बोलले.

ट्रॅक्टर यायला सात दिवस आहेत. खरं खरं लिही.

वंदना


बदनापूर
गुरुवार, १० एप्रिल

अक्का,

तू वंदना अशी सही केलीस. बरोबर केलीस.

हो, मला कळलं होतं. ११ आणि १२ तारखेच्या दुपारच्या सगळ्या नोंदी नेमक्या एकतीस. एकतीस ही माझीच मर्यादा. उन्हाळ्यातली गरमी दोन दिवस एकाच आकड्यावर उभी राहत नाही. तरी मी स्वतःला सांगत होतो, असेल.

मग आठवलं. लाल होऊन नाकारलेला प्रत्येक आकडा प्रोग्राम एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. चुका शोधायला सोपं जावं म्हणून मी ती सोय माझ्यापुरती ठेवली होती, तुला सांगितलीही नव्हती. नोंदींबरोबर ती फाइलही आपोआप तू १७ मार्चला पाठवलेल्या पेन ड्राइव्हवर आली होती. मी उघडली नव्हती. तुझं ३१ तारखेचं पत्र आल्यावर उघडली. ११ मार्च, दुपारी तीन वाजून चार मिनिटांपासून: साडेपस्तीस, साडेपस्तीस, पस्तीस, चौतीस, तेहेतीस, बत्तीस. मग जतन झालेला एकतीस. दुसऱ्या दिवशी सुरुवातच छत्तीसपासून आहे. छापून सोबत पाठवतोय.

दाजींनी खोटं लिहिलं नाही. त्यांनी दोन्ही दिवस खरंच आधी सांगितलं, माझ्या यंत्राने ऐकून घेतलं नाही. आणि सोडू नका असं मीच लिहिलं होतं. त्यांना हे माझ्या नावाने वाचून दाखव. नाहीतर थांब, मी येऊन सांगतो.

मर्यादा गुपचूप काढली, कारण वर्गात चाळीस पोरांना मी सांगतो की बाहेरून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आधी तपासा. मी मीटरवर विश्वास ठेवला नाही आणि वहीवर ठेवला, हे कबूल करायची लाज वाटली.

आता वहीचं. रागावशील, पण लिहितो. फेब्रुवारीतच मला दिसलं होतं. महिना-महिना एकच पेन, एकच शाई, अक्षराचा कल एक. एप्रिल-मेमध्येसुद्धा एकोणतीसच्या वर एकही आकडा नाही. मला वाटलं, अक्काला विचारलं तर तिला लागेल. म्हणून मी वहीची स्तुती केली आणि तिच्यावरूनच हद्द आखली. तेव्हा विचारलं असतं, तर हद्द चाळीसला असती.

कडूबाला काय सांगायचं ते तू ठरव. मी प्रोग्रामचा दोष म्हणून लेखी देतो, सही करून. तेवढ्यावर भागत असेल तर भागव.

राजानंद


पिंपळगाव रेणुकाई
शुक्रवार, ११ एप्रिल

चि. राजा,

तेवढ्यावर भागणार नाही.

तुझं पत्र मी दाजींना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "आकडे परत वाच." वाचले. "हां. आसंच व्हतं," म्हणाले आणि उठून शेडमध्ये गेले. मीटर तिवईवरून काढून मधल्या खांबाला, जुन्या खिळ्याला टांगला.

वहीचं तू बरोबर ओळखलंस. तपासणीला कोणी येणार कळलं की आदल्या दिवशी मी आणि दाजी बसायचो. ते मनाला येईल तो आकडा सांगायचे, मी लिहायची. "आता साडेसव्वीस घे, लई एकसारखं दिसून राह्यलं." आम्ही हसायचो. एकोणतीसच्या वर जायचं नाही, एवढं ठरलेलं होतं. तीन वर्षं अळ्या चांगल्या निघाल्या, म्हणून मला ते खोटं वाटलंच नाही. नुसती रीत होती. आणि कडूबा "कुणीबी भरतंय" म्हणाला तेव्हा मला राग आला तो खोट्या आरोपाचा नव्हता, राजा. त्याला कसं कळलं, याचा होता.

मग तेच आकडे मी तुला मोठ्या ऐटीत पाठवले.

म्हणून तुझं सहीचं पत्र तुझ्याकडेच ठेव. मशीनचा दोष म्हटलं की सगळे माना डोलावतील, कोणालाच काही लागणार नाही. मी वह्या घेऊन बसणार आहे. आधी वह्या, मग तुझे नाकारलेले आकडे, मग आलेख. या क्रमाने.

काल संध्याकाळी वाडीला गेले होते. कडूबा घरी नव्हता की घरी असून बाहेर आला नाही, कळलं नाही. केशरबाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "वंदनाबाई, आता कशाला आलाव? त्येंनी तर सोताच्या तोंडानं कबूल केलं." मी म्हटलं, रविवारी त्यांना पाठवा. त्या म्हणाल्या, "कागद दावणार आसाल तर न्हाई येणार ते."

सोमवारी जयंती आहे, म्हणून बैठक रविवारी सकाळी दहाला, माझ्याच ओट्यावर. सात जणांनी येतो म्हटलंय. रामकिसनभाऊ येणार आहेत. २१ तारखेचे अंडीपुंज माझ्या नावावर ठेवायचे की दुसऱ्या केंद्राला द्यायचे, ते बैठकीनंतर सांगणार आहेत. मला वाटतं, देतील दुसरीकडे. दिले तर दिले.

राधेश्याम उद्या जादा फेरी करतोय, त्याच्याबरोबर हे पाठवते. रविवारी सकाळची गाडी धर आणि ये. बोलायचं मी, तू नुसता दाजींच्या शेजारी बस.

आत्ता शेडमध्ये दुपारचे तीन वाजलेत. साडेसदतीस. दाजींनी एका बोटाने टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. मशीनने मुकाट्याने घेतलं.

राधेश्याम वाडीवरून आलाय. म्हणतो, कडूबा येईल, पण ओट्यावर बसणार नाही, फाटकातूनच ऐकणार. आणि ट्रॅक्टर त्याने अजून रद्द केलेला नाही. सोमवारी सकाळी सातची वेळ आहे.

तुझी
अक्का